मदत हवी आहे : गेम खेळणाऱ्यांच्या गटात आता कोणी बोलत का नाही?

नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस तालुक्यात माझे मोबाईल दुरुस्तीचे छोटेसे दुकान आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात दुकानात येऊन बसणाऱ्या पाचसहा मुलांना घेऊन मी पबजी मोबाईल खेळणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप गट सुरू केला, आणि आजही त्याचा ॲडमिन मीच आहे. प्रश्न त्या गटाविषयी आहे. गटातून कोणी रागावून गेलेले नाही, मोठे भांडण झालेले नाही, गेम आजही चालू आहे, आणि तरीही गटात महिनोन्महिने कोणी चकार शब्द काढत नाही. असे का होत असावे, आणि यावर काही उपाय आहे की गट सरळ बंद करून टाकावा, याविषयी अनुभवी लोकांचे मत हवे आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. त्या काळी व्हॉट्सॲपच्या गटात २५६ पेक्षा जास्त लोक घेता येत नसत, आणि आमचा गट दिवाळीपर्यंत असा भरला की कोणी बाहेर पडले तरच दुसऱ्याला जागा मिळे. वाट पाहणाऱ्यांची नावे मी बिलबुकाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवत असे. आता ही मर्यादा १०२४ झाली आहे, माझ्या गटात १८३ जण आहेत आणि खेळाविषयीचा शेवटचा संदेश चार महिन्यांपूर्वीचा आहे. त्यानंतर आलेले संदेश म्हणजे पोळ्याच्या शुभेच्छा आणि कोणाच्या तरी हरवलेल्या गोऱ्ह्याचा फोटो. (गोऱ्हा सापडला.)

गट अधूनमधून गप्प होणे आमच्याकडे नवे नाही. सोयाबीन कापणीला आले की मुले दिसेनाशी होतात, पुढे कापसाची वेचणी असते, आणि त्या दिवसांत कोणी बोलले नाही म्हणून मला कधी काळजी वाटली नाही, कारण हरभऱ्याचे ओलीत सुरू झाले की गट पुन्हा जागा होत असे. शेतीपंपाची वीज ज्या आठवड्यात रात्रीची असे, त्या आठवड्यात मोटार चालू करून विहिरीजवळ बसलेली मुले रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गटात असत. बांधावरच्या कोणत्या झाडाखाली रेंज मिळते, याचीही चर्चा तिथेच होई. आताची शांतता तशी मोसमी नाही. ती आली आणि बसूनच राहिली.

माझा स्वतःचा अंदाज असा आहे की सारा दोष बंदीचा आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल आणि तिचे हलके रूप पबजी मोबाईल लाइट ही दोन्ही गेली. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस भारतातले सर्व्हर बंद झाले. २ जुलै २०२१ रोजी तोच गेम बीजीएमआय या नावाने परत आला, २८ जुलै २०२२ रोजी पुन्हा स्टोअरमधून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा मिळू लागला. इतक्या वेळा दार उघडझाप झाल्यावर माणसे कंटाळणारच, असे मला वाटते. हे कारण बरोबर असेल तर उपाय काहीच नाही, म्हणूनच दुसरे काही कारण असू शकते का, हे विचारत आहे.

जुना_खेळाडू_अकोला :

आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र धरल्या आहेत. खेळणे थांबणे ही एक आणि बोलणे थांबणे ही दुसरी. गेम जुना झाला म्हणून लोक गप्प होतात, हे मला पटत नाही. एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग १९९९ चा आहे, २०१३ मध्ये त्याची एचडी आवृत्ती आली, २०१९ मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन आली, आणि आजही त्याच्या स्पर्धा होतात व लोक त्यावर तावातावाने भांडतात. उलट आजच्या मोबाईल गेममध्ये बोलण्याची सोय खेळातच असते. चौघांच्या स्क्वॉडने माइक सुरू केला की जे बोलायचे ते तिथेच बोलून होते आणि सामना संपला की ते हवेत विरते. गटात लिहिण्यासारखे उरतेच काय? कोणती बंदूक चांगली, हे विचारायलाही आता यूट्यूब आहे.

आणखी एक. संकेतस्थळे लोक कशी वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ठोकताळा मांडला होता की अशा ठिकाणी शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि एकटा एकच जण बहुतेक सारे बोलतो. ठोकताळाच तो, काटेकोर हिशोब नव्हे. पण तो धरून चालले तर आपल्या अडीचशेच्या गटाची सारी गजबज दोनतीन जणांवर उभी होती. एकशे ऐंशी जण का गप्प आहेत, असे विचारू नका, कारण ते पूर्वीही गप्पच होते. ते दोनतीन जण कोण होते आणि त्यांचे पुढे काय झाले, ते पाहा. गटाचे जुने संभाषण फाइल करून काढता येते. ती फाइल एकदा नीट वाचा, असे सुचवतो.

धागाकर्ता :

दादा, तुमच्या सांगण्यावरून काल दुकान बंद केल्यावर सगळे संभाषण काढले आणि रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसलो. माझा बंदीचा अंदाज चुकला, हे आधी कबूल करतो. बंदी आली त्या सप्टेंबरात गट गप्प झालाच नव्हता. उलट सर्वांत जास्त संदेश त्या दिवसांतलेच आहेत. गेम केव्हा परत येणार, कोणी काय ऐकले, कोणत्या व्हिडिओत काय सांगितले, कोरियाच्या सर्व्हरवर कसे जाता येईल, यावर रोज काथ्याकूट चाले. गट खरा गप्प झाला तो गेम परत आल्यानंतर, २०२१ च्या पावसाळ्यात. हे वाचून मी स्वतःच चक्रावलो. हातात काही नसताना आम्ही बोलत होतो आणि मिळाल्यावर तोंड मिटले.

याचे निम्मे उत्तर माझ्या दुकानातच होते, ते मला तेव्हा सुचले नाही. आमच्याकडची बरीच मुले पबजी लाइट खेळत, कारण त्यांच्या हातातले फोन आईवडिलांचे, जुने आणि कमी रॅमचे असत. त्या फोनची बॅटरी आणि चार्जिंगची पिन मीच बदलून देत असे. बीजीएमआय आला तेव्हा त्याच्यासोबत लाइट आली नाही. ज्यांचे फोन बरे होते ते खेळू लागले. बाकीचे फ्री फायर या तशाच दुसऱ्या गेमकडे गेले, आणि १४ फेब्रुवारी २०२२ रोजी फ्री फायरवरही बंदी आली. ती मुले गटातून बाहेर पडली नाहीत, पण त्यांच्याकडे बोलायला विषय राहिला नाही. वाट पाहत होतो तोवर सगळे एकाच रांगेत उभे होतो. गेम आला आणि रांग फुटली.

उरलेले निम्मे उत्तर एका ओळीत सापडले. गटात एक मुलगा रोज रात्री नऊच्या सुमारास लिहीत असे : ‘कोण कोण येऊन रायलं बे?’ एवढेच. ही ओळ फाइलमध्ये शोधली तर पानेच्या पाने तीच येत राहिली. तिच्याखाली दोघे ‘आलो’ म्हणत, तिसरा ‘जेवून येतो’ म्हणत असे, चौथा त्याच्या जेवणावरून काहीतरी बोले, आणि तिथून संभाषण मध्यरात्रीपर्यंत जाई. तो फार चांगला खेळाडू नव्हता, रँकही साधारणच होती. बंदीनंतरही तो तीच ओळ लिहीत राहिला, फक्त तेव्हा सगळे मिळून दुसरा एखादा गेम खेळत किंवा नुसते बोलत बसत. मार्च २०२१ मध्ये तो चाकणच्या एका कंपनीत लागला आणि त्याची पाळी रात्रीची झाली. त्यानंतर ती ओळ फाइलमध्ये एकदाही नाही. खरे सांगायचे तर तो लिहीत नाही हे तेव्हा कोणाच्या लक्षातच आले नाही, कारण गेम केव्हा येणार या गोंगाटात ते झाकले गेले होते.

वर्धेची_पोर :

मी असाच एक गट सोडला होता, म्हणून लिहिते. सोडला म्हणजे बाहेर पडले नाही, बोलणे सोडले. मी मुलगी आहे हे कळू नये म्हणून भावाच्या नावाने खेळत होते. गटात शिरल्यावर दुसऱ्याच दिवशी मी विचारले की बंदूक चालवताना ती वर उडते ती कशी आवरायची. उत्तर आले, ‘वर वाच, हजारदा सांगून झालंय’, आणि खाली चारपाच हसरे चेहरे.

आता यातली गंमत पाहा. तेव्हा व्हॉट्सॲपच्या गटात नव्याने आलेल्याला आधीचे संदेश दिसतच नसत. मी वर काय वाचणार होते? वर कोरी भिंत होती. ज्यांनी ते लिहिले त्यांच्या फोनमध्ये दोन वर्षांचे संभाषण होते, त्यामुळे त्यांना खरोखर वाटत असेल की सगळे सांगून झाले आहे. जुने लोक गप्प होतात कारण त्यांना सगळे माहीत झालेले असते, आणि नवे लोक गप्प होतात कारण त्यांना विचारायची लाज वाटते. आपल्या फाइलमध्ये ‘वर वाच’ शोधून पाहा. सापडले नाही तर मला आनंदच होईल.

पटाचा_शौकीन :

मला या गेममधले काही कळत नाही, पण धाग्याचे नाव पाहून आत आलो. आमच्याकडे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबले आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत माझ्या ओळखीच्या काही जणांनी जोड्या विकून टाकल्या आणि काहींनी राखल्या. राखणारे कोण होते, तर जे बैलबाजारात एकमेकांना दर आठवड्याला भेटत होते. पट नव्हता, पण बाजार होता. आपला बाजार कोणता, तेवढे शोधा. आणि भाऊ, गट बंद करू नका. तो काही चारा मागत नाही.

धागाकर्ता :

ताई, शोधले. सतरा वेळा सापडले, आणि सांगायला लाज वाटते, पण त्यातले सहा माझेच आहेत. एका मुलाने ‘रूम कशी लावतात’ असे विचारले होते, म्हणजे आपल्याच माणसांचा वेगळा सामना कसा ठेवायचा. त्याला मी ‘वर वाच’ असे लिहिले होते, सोबत हात जोडल्याचे चिन्हही टाकले होते. त्या मुलाचा तोच पहिला आणि तोच शेवटचा संदेश आहे. तो आजही माझ्या दुकानात रिचार्जला येतो.

काका, तुमची बैलबाजाराची गोष्ट डोक्यातून जात नाही. आमचा बाजार म्हणजे रविवारी दुपारची रूम होती. आमचे गाव विरुद्ध नदीपलीकडचे गाव असा सामना असे, आणि हरलेल्यांनी चहा पाजायचा, त्यामुळे माणसे प्रत्यक्ष दुकानासमोर येत. टाळेबंदीत ती बंद पडली आणि पुढे सुरू करायची राहून गेली. बाकी तीनतीन-चारचार जणांचे छोटे गट तेव्हाच निघाले, हेही फाइलवरून कळते : ‘तिकडे बोलू’ हे शब्द २०२० च्या हिवाळ्यानंतर वारंवार येतात. छोटे गट आजही बोलत असतील, मला दिसत नाहीत एवढेच. म्हणजे आवाज संपला नाही, घरोघरी वाटला गेला.

आज दुपारी तीन गोष्टी केल्या. ‘वर वाच’ म्हटलेल्या प्रश्नांपैकी आठांची उत्तरे साध्या भाषेत लिहून गटात टाकली आणि तो संदेश वर पिन केला. रूमचा प्रश्न विचारलेल्या मुलाला दुकानात बसवून रूम लावायला शिकवले. तो आता फ्री फायर मॅक्स (फ्री फायरचेच दुसरे रूप, त्यावर बंदी आली नव्हती) खेळतो, तरीही शिकला. आणि चाकणच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, पाळी या आठवड्यात दिवसाची आहे.

रात्री नऊला त्याने ती ओळ लिहिली. अकरा मिनिटे काहीच नाही. मग एकाने ‘तू अजून जिवंत हायेस का बे’ असे विचारले, दुसऱ्याने नव्या फोनला गेम डाउनलोड होण्यास चाळीस मिनिटे लागतील असे सांगितले, आणि शेवटी आम्ही तिघेच सामन्यात उतरलो. चौथ्या जागी गेमने कोणीतरी अनोळखी खेळाडू दिला, त्याचा माइक बंद होता. दीड मिनिटात चौघेही मेलो. त्यावरून गटात सव्वा तास भांडण झाले आणि त्यात मी मोजलेली नऊ माणसे बोलली, त्यांतली दोन मला ओळखूच आली नाहीत.

एक प्रश्न अजून उरतो. येत्या रविवारी रूम ठेवायची म्हटले तर बीजीएमआयवाले आणि फ्री फायर मॅक्सवाले एका सामन्यात उतरू शकत नाहीत. दोन रूम ठेवल्या तर पुन्हा दोन तट पडतील, आणि एकच ठेवली तर निम्मी मुले नुसती बघत बसतील. कोणी अशी दोन गेमची मिळून एक स्पर्धा ठेवली असल्यास गुण कसे धरले, ते कृपया सांगावे. चहाचा खर्च दुकानाकडे आहे.