मदत हवी आहे : रिचर्ड थॉम्पसनने आणखी कुणाकुणाकडे वाजवलंय?

मंडळी, 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या ब्रिटिश फोक-रॉक बँडच्या कलाकारांनी इतरांच्या रेकॉर्डवर पाहुणे म्हणून केलेलं काम शोधतोय. लेड झेपेलिनच्या १९७१च्या अल्बमवरचा गायिका सँडी डेनीचा आवाज बहुतेकांना ठाऊक असतो. मला ओढ आहे ती आडबाजूच्या कामाची. गायक निक ड्रेकच्या 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' या अल्बममध्ये (१९६९) पहिल्याच गाण्यात फेअरपोर्टचा गिटारवादक रिचर्ड थॉम्पसनची इलेक्ट्रिक गिटार आहे. किती हलक्या हाताने वाजवलीय! गायकाच्या ओळीमागे नुसती सावलीसारखी येते. ड्रेकच्या पुढच्या अल्बमवर फेअरपोर्टच्याच डेव्ह पेगचा बास आणि डेव्ह मॅटॅक्सचे ड्रम्स आहेत. १९७५पर्यंतची अशी आणखी गाणी कुणाला माहीत आहेत का? ज्यांच्याकडे जुन्या एलपी आहेत, त्यांनी कव्हरमागची वादकांची नावं बघून कृपया कळवा. गाणं कोणतं आणि कोण काय वाजवतंय, एवढं पुरे.