वेलणकर लाच घेत नाही, तरीही

‘अर्धसत्य’मधला सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर लाच घेत नाही, म्हणून हा पोलिसी भ्रष्टाचारावरचा न्वार (गुन्हेगारी आणि नैतिक ऱ्हासाच्या काळोख्या सुरातला) चित्रपट म्हणता येणार नाही, हे वरच्या प्रतिसादातले मत मला पटत नाही. गोविंद निहलानी यांच्या १९८३ सालच्या या चित्रपटातला भ्रष्टाचार मुख्यतः टेलिफोनवरून चालतो. एका जळालेल्या माणसाची जबानी हाती असताना वेलणकर गुंडांच्या म्होरक्याला, रामा शेट्टीला, अटक करायला जातो; शेट्टी (सदाशिव अमरापूरकरांचा तो थंडपणा आजही अंगावर येतो) एक फोन लावतो आणि वरिष्ठाचा हुकूम ऐकून वेलणकरला हात हलवत परतावे लागते. ही मानहानी पुढे कोठडीतल्या एका भुरट्या चोरावर निघते, तो माराने मरतो, आणि निलंबित झालेला वेलणकर स्वतःला वाचवण्यासाठी त्याच शेट्टीच्या दारात उभा राहतो. नायकाची अशी घसरण हाच न्वारचा गाभा आहे. कथाकार श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेली पटकथा ही साखळी इतकी घट्ट बांधते की, शेवटी तो शेट्टीचा गळा आवळतो तेव्हा न्याय झाल्याचे समाधान मला तरी मिळत नाही.