भिगवण, माळरान आणि सिंहगडची दरी: २२ जणांची पक्षीनिरीक्षण सहल कशी आखावी?

शेकाट्या_पुणे

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी सोसायटीच्या निसर्गगटाची सहल ठरते आहे. एकूण २२ जण. त्यात १० ते १४ वयाची ७ मुलं आणि सत्तरी ओलांडलेले ४ जण. बहुतेकांची पहिलीच वेळ. दुर्बिणी ९, स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची एकनळी दुर्बीण) १, आणि तिघांकडे मोठ्या लेन्सचे कॅमेरे.

पाणी, गवताळ माळ आणि जंगल असे तीन वेगळे अधिवास दाखवायचे आहेत. कच्चा आराखडा असा: शनिवारी पहाटे सिंहगड व्हॅली, तिथून भिगवण, दुपारी दोनला होडी, मुक्काम भिगवणला, रविवारी सकाळी कडबनवाडीचा माळ आणि जेवून परत.

हा क्रम जमेल का? वाटाडे किती लागतील? ९ दुर्बिणींत २२ जणांचं कसं भागवायचं? मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवावा असं एकाचं म्हणणं आहे, ते कितपत योग्य? शिवाय आमचे ठाण्याचे दोघे फेब्रुवारीत ऐरोलीच्या खाडीतल्या फ्लेमिंगो फेरीबद्दल विचारताहेत. तिथली तारीख कशी निवडतात?

रानवाट

क्रम बदला. सिंहगड शहराच्या नैर्ऋत्येला आणि भिगवण सोलापूर रस्त्यावर पूर्वेला शंभरेक किलोमीटर. एका दिवसात दोन्ही केलंत तर पक्ष्यांपेक्षा टोलनाकेच जास्त दिसतील. सिंहगड वेगळ्या रविवारी अर्ध्या दिवसात उरका आणि हे दोन दिवस भिगवण व माळरानाला द्या.

दुपारी दोनची होडी तर नकोच. दुपारी उजनी धरणाच्या फुगवट्यावर वारा धरतो, होडी हलते आणि दुर्बीण डोळ्यांशी स्थिर राहत नाही. पाण्याची चकाकी समोरून आली की बदकं नुसती काळी दिसतात, मग थापट्या काय आणि तलवार बदक काय. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो. त्यामुळे पुण्याहून सव्वाचारला निघा, पावणेसातला कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावर हजर राहा आणि सात ते साडेनऊ पाण्यात काढा. नावाड्याला पहिलंच सांगायचं, "दादा, ऊन पाठीशी ठेवा." थोडा वळसा पडला तरी चालेल.

एका होडीत नावाडी सोडून पाचच जण बसवा. सहावा बसतो, पण मग कुणाला अंग वळवता येत नाही. म्हणजे तुम्हाला पाच होड्या लागतील, त्या आठवडाभर आधी सांगून ठेवा. लाइफ जॅकेट सगळ्यांना, आणि मुलांच्या मापाची आहेत का ते फोनवरच विचारा. मोठ्या मापाचं जॅकेट मुलाच्या अंगात ढिलं राहतं आणि पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून येतं. कॅमेरेवाले तिघे वेगळ्या होडीत. त्यांना एकाच पक्ष्यासमोर वीस मिनिटं थांबायचं असतं, बाकीच्यांना तोवर कंटाळा येतो आणि दोन्ही बाजूंची चिडचिड होते. स्कोप होडीत नेऊ नका, हलत्या तळावर त्याचा काही उपयोग नाही. तो काठावर आल्यावर लावा.

रोहितांजवळ (फ्लेमिंगोंजवळ) जाताना इंजिन लांबच बंद करून शेवटचा टप्पा बांबूने ढकलत जायचा. थवा खाली माना घालून चरत असतो. माना वर झाल्या की पहिली सूचना, सगळे एका दिशेला चालू लागले की दुसरी. पहिल्या सूचनेलाच थांबलात तर पाच-दहा मिनिटांत ते पुन्हा चरू लागतात आणि कधीकधी आपणहून जवळ येतात. "उडवा की जरा, फोटो येईल" असं नावाड्याला म्हणणारा एक तरी निघतोच, त्याला निघण्याआधीच समज द्या. कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकणंही बंद. तेला-मिठाचं ते खाणं त्यांच्या कामाचं नाही, आणि त्या हावेपायी ते होड्यांच्या मागे लागतात.

पाण्याची पातळी नावाड्याला विचारून घ्या. पाऊस चांगला झाला की धरण भरतं आणि उथळ चिखल बुडून राहतो. रोहित आणि चिखलात चोच खुपसणारे तुतवार-पाणलावे पाणी उतरू लागल्यावरच पसरतात. जानेवारीत पाणी अजून वरच असेल तर रोहित कमी दिसतील. पण बदकं, पट्टकदंब, चक्रवाक, चित्रबलाक, नदी सुरय यांचा हाच मोसम आहे. गटाला आधीच कल्पना द्या, नाहीतर गुलाबी थवा दिसला नाही म्हणून सहल फसली असं चार जण म्हणतील.

न्याहारी आणि दुपारचं जेवण नावाड्यांच्याच घरी सांगा. चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी मिळते, शाकाहारी किती ते आदल्या दिवशी कळवायचं. बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हेही तेव्हाच विचारा. ही गोष्ट कुणी विचारत नाही आणि सकाळी आठला अख्खा गट अडतो.

धाविक

माळरानाबद्दल लिहितो. रविवारी सकाळी एकदाच जाण्यापेक्षा शनिवारी दुपारी साडेतीनला निघून संध्याकाळ तिथे काढा आणि रविवारी सकाळी परत जा. दोन्ही वेळचे पक्षी वेगळे असतात.

कडबनवाडीला आणि शिर्सुफळला वनखात्याची सफारी आहे, नोंदणी ऑनलाइन होते. २२ जणांच्या गाड्या आयत्या वेळी मिळणार नाहीत. गाडीतून उतरायचा आग्रह धरू नका. माळावर आडोसा नसतो, त्यामुळे दोन पायांवर चालणारा माणूस पक्ष्याला फार लांबून दिसतो. इंजिन बंद केलेली गाडी मात्र धाविक, चंडोल, पखुर्डी बराच वेळ खपवून घेतात. दार उघडायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही, आणि दुर्बीण काचेतून न लावता काच खाली करून लावायची.

संध्याकाळचं आकर्षण म्हणजे भोवत्ये. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात रात्री गवतात जमिनीवर एकत्र मुक्काम करतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास एकेक करून उतरू लागतात. त्यांच्या जागेपासून किमान २०० मीटरवर थांबा, तेही अंधार पडायच्या अर्धा तास आधी पोचून. उशिरा हेडलाइट लावून गेलात की उतरलेले पक्षी पुन्हा उठतात आणि अंधारात नवी जागा शोधत फिरतात. पूर्ण वाढलेला नर राखी दिसतो, मादी आणि पिल्लं तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. मादीवरून जात ओळखायच्या वादात नवख्या गटाला पाडू नका. 'भोवत्या' एवढी नोंद पुरे.

सकाळी पाणवठा पकडा. तांबूस पोटाच्या पखुर्ड्या सूर्योदयानंतर तास-दोन तासांत पाण्यावर येतात. आधी दुहेरी हाक ऐकू येते, मग थवा वरून घिरटी घालून थोड्या अंतरावर उतरतो आणि चालत पाण्याकडे जातो. या चालण्याच्या वेळी गाडी हलली की थवा पाणी न पिताच जातो. रंगीत पखुर्डी मात्र तिन्हीसांजेनंतर येते, ती सकाळी शोधत बसू नका.

साडेनऊनंतर जमिनीलगतची हवा तापून थरथरू लागते. ४० पट मोठं करून दाखवणारा स्कोप ती थरथरही तेवढीच मोठी करतो. मग स्कोप ठेवून द्यायचा आणि आकाश बघायचं. नेमका याच वेळी गरम हवेवर सापमार गरुड आणि पिंगट गरुड वर चढतात.

कपड्यांचं एकच सांगतो. लोकरी मोजे नकोत. चहा-पाण्याला उतरलात तरी कुसळी गवताची टोकं त्यात घुसतात आणि आत-आत सरकत टोचत राहतात. गुळगुळीत कापडाची पँट आणि बंद बूट. घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेला गोचीड बघायला विसरू नका, मुलांच्या कानामागेही.

नीलांग

वाटाडे आणि दुर्बिणींचं मी सांगते. आठ जणांमागे एक वाटाड्या, म्हणजे तुम्हाला तीन. शिवाय प्रत्येक तुकडीच्या शेवटी गटातलाच एक जबाबदार माणूस. जंगलाच्या पायवाटेवर वीस जणांची रांग वीस-पंचवीस मीटर लांब होते. पुढच्याने हळू आवाजात सांगितलेलं मागच्याला ऐकू जात नाही, आणि मोठ्याने सांगितलं तर पक्षी जातो.

दुर्बिणी दोघांत किंवा तिघांत एक अशा जोड्या आधीच ठरवा, मुलाबरोबर मोठा माणूस. ८×४२ (८ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिमीची) असेल तर उत्तम. १०×५० जड पडते आणि हाताचा कंपही जास्त दाखवते, ती मुलांना देऊ नका. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना गच्चीवर बोलवा आणि दुर्बीण लावून घ्या. आधी मधली बिजागरी उघडमीट करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होईपर्यंत आणायची. उजवी पुढची काच हाताने झाकून, समोरच्या इमारतीवरची एखादी पाटी डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर स्पष्ट करायची. मग डावी काच झाकून तीच पाटी उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून स्पष्ट करायची, मधल्या चाकाला हात न लावता. कडी कुठे थांबली ते लक्षात ठेवायचं, कारण दुर्बीण दुसऱ्याकडे गेली की ती बदलणार. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडचे रबरी कप खाली दुमडायचे किंवा फिरवून आत घालायचे. हे केलं नाही तर दृश्य नळीतून पाहिल्यासारखं बारीक दिसतं आणि लोक म्हणतात दुर्बीण बिघडली.

पक्षी दुर्बिणीतून शोधायचा नसतो. नजर पक्ष्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांकडे आणायची. आणि "तो बघ, तिथे, त्या फांदीवर" हे शब्द सहलीपुरते बंद. आधी ठळक खूण, मग घड्याळाचे काटे: "निष्पर्ण सावर, शेंड्यापासून दोनच्या काट्याला, पहिल्या बेचक्यात." मुलं हे दहा मिनिटांत शिकतात, मोठ्यांना जरा वेळ लागतो.

स्कोपची उंची मुलांच्या मापाने लावा, मोठे वाकतील. बघताना हात मागे बांधायचे. एकाने नळी धरली की निशाण हलतं आणि मागच्या सात जणांना नुसतं पाणी दिसतं.

सिंहगडच्या दरीत सहाला पोचून फायदा नाही. दरीत ऊन उशिरा उतरतं, किडे हलू लागल्यावरच माशीमार हलतात. साडेसात ते साडेदहा पुरे. नवख्यांना माशीमारांपासून सुरुवात करून द्या. हा पक्षी झेप घेऊन किडा पकडतो आणि बहुधा त्याच फांदीवर परत येतो. पक्षी उडाला तरी दुर्बीण फांदीवरच धरून ठेवायची. नीलांग, नाचण आणि नशीब असेल तर लांब शेपटीचा पांढरा स्वर्गीय नर्तक असे दिसतात. मिश्र थवा आला, म्हणजे निखार, वल्गुली, चष्मेवाला, कोतवाल सगळे एकदम, तर त्याच्या मागे धावू नका. उभे राहा, थवाच तुमच्याभोवतीने पुढे सरकतो. रविवारी तिथे कॅमेऱ्यांची गर्दी असते, वार बदलता आला तर बदला.

रानवाट

आवाज वाजवण्याबद्दल: नको. नराला वाटतं की हद्दीत दुसरा नर घुसला. तो चरणं सोडून हुसकावायला येतो, उघड्यावर बसतो आणि शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या नजरेत येतो. एकदा वाजवून भागत नाही, मागून येणारा दुसरा गटही तेच करतो. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिनसारखं अॅप फक्त ऐकण्यासाठी वापरा, आणि त्याने दाखवलेलं नाव पक्षी दिसेपर्यंत यादीत घालू नका.

शृंगी घुबडाची वीण याच दिवसांत असते. कुणी घरटं दाखवतो म्हणालं तर गट नेऊ नका आणि जागा व्हॉट्सअॅपवर टाकू नका. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना भिगवण आणि माळ यांची एकच यादी करू नका, प्रत्येक ठिकाणची वेळ आणि चाललेलं अंतर वेगळं.

खाडीकर

ऐरोलीसाठी पंचांग उघडा. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ३, पंचमीला पावणेचार, अष्टमीला ६. शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांत तेच, आणि पहाटे-दुपारी दोन्ही वेळा. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी तळाला जाते. खाडीच्या आतल्या अंगाला भरती मुंबईच्या तोंडापेक्षा उशिरा पोचते, तेव्हा थोडी मिनिटं वाढवा.

सकाळी सातची फेरी हवी असेल तर पंचमी-षष्ठी बघा. पाणी अर्धं उतरलेलं असतं, चिखल उघडा पडू लागतो, फ्लेमिंगो त्यावर चरायला येतात आणि होडीला मधल्या धारेत अजून पाणी असतं. तृतीयेला सातपर्यंत पाणी जवळजवळ गेलेलं असतं, पक्षी लांब चिखलात आणि होडी धारेत अडकून. पूर्ण भरतीला चिखलच नसतो, तेव्हा बरेच पक्षी सीवूड्स-नेरुळच्या तळ्यांवर जाऊन उभे राहतात.

हा हिशेब तारीख निवडण्यापुरता, त्यात पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो. फेरीची वेळ ती चालवणारं ऐरोलीचं केंद्रच भरती बघून ठरवतं, तीच धरा. इथे धाकटे रोहित जास्त: चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. थोरल्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं.

शेकाट्या_पुणे

सर्वांचे आभार. सिंहगड पुढच्या आठवड्यात बुधवारी ढकलतो, पाच होड्या आणि सफारीची चौकशी आजच करतो. एक राहिलं: सत्तरीच्या चौघांना होडीत चढता-उतरता येईल का?

रानवाट

येईल, पण काठ चिखलाचा असतो. त्यांची होडी दगडी किंवा पक्क्या उताराला लावायला सांगा, प्लास्टिकचं एक बुटकं स्टूल सोबत घ्या आणि होडीत पाठ टेकायला उशी. गुडघ्यांचा त्रास असेल त्यांना काठावर स्कोपपाशी बसवा. चित्रबलाक, राखी बगळे, कवड्या खंड्या तिथूनही चांगले दिसतात.