दोन पिशव्या

देवाला अर्पण देताना उत्तमच द्यावं का, यावर कोणीतरी लिहिलंय की देवाला काय कमी आहे, भाव असला की झालं. भाव हवाच हो, पण तो दिसतो कुठे? बायबलमधल्या मलाखी 1:8 चा प्रश्न फार टोचतो: आंधळं, लंगडं जनावर देवाला आणता, तेच आपल्या अधिकाऱ्याला देऊन बघा, तो खूश होईल का?

मला हे वांग्यांनी शिकवलं. हार्वेस्टच्या आदल्या दिवशी (चर्चमध्ये पीक, भाजी अर्पण करतात ती उपासना; सुगीची उपासना म्हणायला हवं, पण आमच्याकडे सगळे हार्वेस्टच म्हणतात) मार्केट यार्डात गेलो होतो. आईने दोन पिशव्या दिलेल्या, एक घरची, एक चर्चची. घरी येऊन ओतल्या तर कोवळी, काटेरी देठांची वांगी सगळी घरच्या पिशवीत. वेदीपुढे ठेवायच्या पिशवीत एक किडकं आणि बाकी जून. मुद्दाम केलं नव्हतं, हात आपोआप तसा गेला. आई काही बोलली नाही, पिशव्यांची अदलाबदल केली. रात्रीच्या भरतात बिया दाताखाली येत होत्या.

आणि उत्तम म्हणजे महाग नव्हे. लेवीय 12:8 प्रमाणे बाळंतपणानंतरच्या अर्पणाला कोकरू परवडत नसेल तर दोन पक्षी चालत. येशूच्या जन्मानंतरच्या अर्पणात लूक 2:24 ला त्याच पक्ष्यांचा उल्लेख आहे.

वेळेचं मात्र माझं अजून जून वांगंच. उठल्यावर आधी मोबाइल, प्रार्थना स्वारगेटच्या सिग्नलला, तीही हिरवा होईपर्यंत.