समृद्धी महामार्गावर चढताना दोन गोंदे गावांचा घोळ

समृद्धीवर टायर फुटण्याचा विषय निघाला की, नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही, असं म्हटलं जातं; ते अर्धवट आहे. खरी कारणं जुनं रबर आणि कमी हवा. बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. हवा टायर थंड असतानाच तपासा. तापल्यावर दाब वाढतोच, म्हणून वाटेत हवा काढू नका. काढली तर टायर गार झाल्यावर दाब कमी पडतो.

नाशिकहून नागपूरकडे जायचं तर समृद्धीवर चढायला सिन्नर तालुक्यातलं, पुणे रस्त्यावरचं गोंदे बघा. वाडिवऱ्हेजवळचं गोंदे मुंबई रस्त्यावर आहे, नकाशा तिकडेही नेतो! टोल बाहेर पडताना, अंतराप्रमाणे कापला जातो. त्यामुळे फास्टॅगमध्ये आधीच पैसे ठेवा. दुचाकीला मनाईच.