थंडीत गरम पाण्याचा प्रायव्हेट पूल: बुकिंगआधी खात्री कशी करायची?

उजळाईवाडी_नाका
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापुरातून तीन रात्रींसाठी जायचं आहे. सोबत सत्तरीतले आई-वडील आणि चार वर्षांचा मुलगा. प्रायव्हेट पूल असलेला व्हिला किंवा चांगल्या हॉटेलातला पूल-सूट हवा, आणि पाणी सकाळीसुद्धा कोमट हवं. रात्रीला 25-30 हजारांपर्यंत तयारी आहे. डोळ्यासमोर महाबळेश्वर-पाचगणी, पन्हाळा आणि गोवा. वेबसाइटवर सगळीकडे 'हीटेड' लिहिलंय आणि फोनवर सगळे 'होय सर, गरम असतंय' म्हणतात. यातलं खरं कसं ओळखायचं?

पंपरूम
'गरम असतंय का?' हा प्रश्नच विचारू नका, त्याला 'नाही' असं उत्तर कोणी देत नाही. आकडे मागा. पूलची लांबी-रुंदी-खोली, गरम करायची यंत्रणा कोणती आणि किती किलोवॅटची, रोज किती तास चालते, रात्री पाण्यावर कव्हर टाकतात का, आणि सकाळी सातला पाणी किती अंश असतं. ज्याच्याकडे यंत्रणा खरी आहे तो पाच मिनिटांत सांगतो. 'सोलर आहे, हवामानावर अवलंबून' असं उत्तर आलं तर डिसेंबरात ते पाणी गार समजा.

हिशेब सोपा आहे. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण 1.16 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. आरामात बसायला मोठ्यांना 28-30 अंश पुरतं, लहान मुलं आणि वयस्कर मंडळींसाठी 31-32 बरं. डोंगरावर डिसेंबरात न तापवलेलं पाणी 18-20 अंशांवर असू शकतं. म्हणजे दहा-बारा अंश चढवायचे.

हीट पंप असेल तर उत्तम. हा एसीच्या बाहेरच्या युनिटसारखा दिसतो, हवेतली उष्णता पाण्यात ढकलतो आणि एका युनिट विजेत साधारण चार युनिट उष्णता देतो. यंत्रावरच्या प्लेटवर दोन आकडे असतात, वीज किती घेतो आणि उष्णता किती देतो. तुम्हाला दुसरा हवा. कॉइलचा साधा इलेक्ट्रिक हीटर एकास एक, म्हणून मालक तो चालू ठेवायला कचरतो. डिझेल किंवा गॅसचा बॉयलर पाणी झटपट तापवतो, पण सहसा मोठ्या हॉटेलच्या सामायिक पूललाच असतो.

आता बिघडतं कुठं ते. सगळ्यात जास्त उष्णता बाष्पीभवनात जाते. उघड्या पूलच्या एकूण गळतीत त्याचाच वाटा सुमारे 70 टक्के. एक लिटर पाणी उडून गेलं की जवळजवळ 0.68 युनिट उष्णता सोबत नेतं. 6 बाय 3 मीटरच्या पूलवरून रात्रीत तीन मिलिमीटर पाणी उडालं तर 54 लिटर झाले, म्हणजे 37 युनिट. पूल 1.2 मीटर खोल असेल तर एवढ्यानंच पाणी दीड अंश उतरतं, आकाशाकडे जाणारी उष्णता वेगळीच. म्हणून कव्हर नसेल तर रात्रभरात पाणी उतरतंच, आणि हीटरचं बरंच काम वाया जातं. दरीच्या कडेचा इन्फिनिटी पूल फोटोत लै भारी दिसतो, पण तिथं वारा सतत लागतो आणि कडेवरून सांडणारं पाणी खालच्या टाकीत जाऊन थंड होऊन परत येतं. तुमची गरज पाहता तो टाळाच.

दुसरी नेहमीची भानगड म्हणजे फिल्टरमध्ये पाला अडकतो, प्रवाह कमी होतो आणि हीट पंप 'फ्लो एरर' दाखवून बंद पडतो. पूल सांभाळणारा माणूस रात्री नसला तर ते सकाळीच कळतं. तिसरी, एकच हीट पंप दोन-तीन व्हिलांना जोडलेला असतो आणि वॉल्व फिरवून आळीपाळीनं तापवतात. नाताळच्या आठवड्यात सगळे व्हिले भरलेले, मग कुणालाच पुरेसं गरम नाही. 'हा पंप फक्त आमच्याच पूलला आहे ना?' हे जरूर विचारा.

अनुस्कुरा_मार्गे
जागेबद्दल. महाबळेश्वर साधारण 1370 मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाजवळ पहाटे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. इतक्या थंड हवेत हीट पंपाच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो मध्येमध्ये थांबून स्वतःला वितळवत बसतो. शहाणी हॉटेलं तिथं सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा पाणी तापवतात आणि उन्हं उतरली की कव्हर ओढतात. 'रात्रभर चालू ठेवतो' हे ऐकायला बरं वाटतं, पण दिवसा चालवणारा जास्त जाणकार.

पन्हाळा जवळ आहे, वीस-बावीस किलोमीटर, आणि थंडीही महाबळेश्वरएवढी नाही. पण संध्याकाळचा वारा विसरू नका. पूलच्या एका बाजूला भिंत किंवा दाट झाडी आहे का ते फोटोत बघा.

पाणी कोमट हवं ही पहिली अट असेल तर गोवा किंवा वेंगुर्ला-मालवणचा किनारा बघा. आंबोली घाट उतरला की हवाच बदलते. तिथं डिसेंबरात न तापवलेला पूलही 24-25 अंशांच्या आसपास राहतो, म्हणजे हीटरला पाच-सहा अंशच चढवायचे. तोच पंप अर्ध्या वेळात काम करतो.

जाता जाता, राजापूरचं उन्हाळे किंवा संगमेश्वराजवळचं तुरळ-आरवली इथं नैसर्गिक गरम पाण्याची कुंडं आहेत. सार्वजनिक आहेत, ऐषआराम नाही. आई-वडिलांना वाटेत पाय बुडवायला मात्र छान.

उजळाईवाडी_नाका
दोन ठिकाणांहून आकडे मिळाले, दोन्ही पाचगणीच्या बाजूचे. पहिला व्हिला: 20 बाय 10 फूट, 4 फूट खोल, 6 किलोवॅटचा इलेक्ट्रिक हीटर, चेक-इनला चालू करतात, दिवसाला 2500 रुपये वेगळे. दुसरं हॉटेल: सूटचा प्लंज पूल (नुसतं डुंबायचा छोटा पूल) 10 बाय 7 फूट, 4 फूट खोल, 13 किलोवॅट उष्णता देणारा हीट पंप, रात्री कव्हर. पण पहिल्याचा पूल मोठा आहे, मुलाला खेळायला बरा.

पंपरूम
पहिला सोडून द्या. 800 घनफूट म्हणजे साधारण 22,650 लिटर. एक अंश चढवायला 26 युनिट, आणि हीटर तासाला सहाच देणार. म्हणजे गळती शून्य धरली तरी एका अंशाला सव्वाचार तासांच्या वर. 19 वरून 30 वर जायला 48 तास. तोवर तुमची बॅग भरायची वेळ झालेली असेल, आणि 2500 रुपये रोज मोजून. फसवतातच असं नाही, पुष्कळ मालकांना वाटतं हीटर बसवला की पूल हीटेड झाला.

दुसरा सुमारे 7,900 लिटर. एक अंशाला सव्वानऊ युनिट, म्हणजे कागदावर तासाला 1.4 अंश. दहा-अकरा अंशांना आठ तास, गळती धरून दहा-बारा धरा. तुम्ही पोहोचायच्या आदल्या दिवशी सकाळी चालू करायला सांगा, चेक-इनच्या दिवशी नको. पाणी बदलणार असतील तर त्याआधी बदलू देत. लाइट गेली तर जनरेटरवर हीट पंप चालतो का हेही विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी जनरेटरवर फक्त दिवे आणि गिझर असतात.

क्लोरीन_ताई
मुलगा चार वर्षांचा आहे म्हणून सांगते. 'जकूझी' आणि 'हीटेड प्लंज पूल' यात गल्लत करू नका. जकूझीचं पाणी 38-40 अंशांपर्यंत नेतात, 40 च्या वर कधीच नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना त्यात बसवू नये. वडिलांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि तेही थोडा वेळ. 31-32 अंशांचा पूल दोघांनाही चालेल.

पाणी जितकं कोमट तितका क्लोरीन लवकर संपतो. लहान पूलमध्ये पाच-सहा माणसं उतरली की आणखी लवकर. टेस्ट स्ट्रिप (पाण्यात बुडवून क्लोरीन आणि पीएच दाखवणाऱ्या पट्ट्या) स्वस्त मिळतात, पाकीट सोबत ठेवा. पूलमध्ये मुक्त, म्हणजे अजून वापरला न गेलेला क्लोरीन किमान 1 पीपीएम (दहा लाख भागांत एक), जकूझीत किमान 3, आणि पीएच 7 ते 7.8 च्या मधे. डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो, तेव्हा क्लोरीन जास्त झालाय असं लोक म्हणतात. बहुतेक वेळा उलटं असतं. घाम-मळाशी संयोग होऊन तो वापरला गेलेला असतो. पाणी गढूळ दिसलं, काठ हाताला बुळबुळीत लागला तर मुलाला उतरवू नका, अंगावर पुरळ येऊ शकतं.

बुकिंग_डेस्क_शाहूपुरी
शब्दांचे सापळे सांगतो. 'सेमी-प्रायव्हेट' किंवा 'पूल ॲक्सेस रूम' म्हणजे लांबलचक पूल तीन-चार खोल्यांत वाटलेला. 'हीटेड पूल' हॉटेलच्या सुविधांत लिहिलेलं असेल तर तो सामायिक असू शकतो. तुमच्या सूटच्या वर्णनात लिहिलंय का ते बघा. रिव्ह्यूंमध्ये 'कोल्ड', 'गार', 'थंड' शोधा आणि फक्त डिसेंबर ते फेब्रुवारीचे वाचा. मे महिन्यात 'पाणी मस्त' लिहिलेलं असतं त्याचा उपयोग नाही.

व्हॉट्सॲपवर असा मेसेज टाका: "आमच्या सूटच्या खासगी पूलचं पाणी चेक-इनला आणि रोज सकाळी 8 वाजता किमान 30 अंश असेल. हीटिंगचं शुल्क भाड्यात धरलं आहे. पाणी तेवढं गरम नसल्यास हीटिंगचं शुल्क आणि पहिल्या रात्रीच्या भाड्यातली ठरलेली रक्कम परत." 'ओके' आलं की तोच मजकूर ईमेलवर मागवा, मगच ॲडव्हान्स भरा. नाताळच्या आठवड्यात रद्द केल्यास सहसा पैसे परत नसतात, त्यामुळे हे नंतर भांडून मिळत नाही. 7500 रुपयांच्या वरच्या खोलीवर 18 टक्के जीएसटी आहे, तो धरून 30 हजारांत बसतं का ते आधी बघा.

मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन बाळाच्या अंघोळीचा थर्मामीटर मिळतो, तो न्या. वरचं पाणी आणि गरम पाणी येतं त्या तोंडाजवळचं पाणी फसवं असतं. समोरच्या कोपऱ्यात फूटभर खोल दोन मिनिटं धरा आणि फोटो काढा, बॅगा उघडायच्या आधी. कमी भरलं तर दुपारी दोनलाच सांगता येतं; रात्री आठला सांगितलं तर त्या दिवशी काहीच होत नाही.