मदत हवी आहे: स्लीप स्टडी (झोपेची तपासणी) घरी की लॅबमध्ये?

नवरा घोरतो त्याची सवय झाली होती. पण हल्ली घोरणं मध्येच थांबतं, श्वासही. मी अंधारात आकडे मोजत बसते. परवा २० पर्यंत पोचले तेव्हा कुठे तो दचकून उठला. दिवसा सिग्नलला डुलक्या. एका डॉक्टरांनी न तपासताच झोपेच्या गोळ्या दिल्या. स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा आजार) असेल तर अशा काही गोळ्यांनी त्रास वाढतो म्हणे, म्हणून सुरूच केल्या नाहीत. तासाला ३० किंवा जास्त वेळा श्वास अडखळला तर गंभीर, एवढं वाचलंय. घरची चाचणी पुरते की रात्रभर लॅबमध्येच झोपावं लागतं? आधी कान-नाक-घसावाले की छातीचे डॉक्टर? आणि सीपॅपचा, म्हणजे झोपेत दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा, मास्क अंगवळणी पडायला किती दिवस लागले? आमचे साहेब आत्ताच म्हणताहेत, "ती सोंड लावून मी झोपणार नाही!"